टोल-लाइक रिसेप्टरमधला ‘टोल’ कोणता?

प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेत वापरायच्या एका प्रथिनाचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. इंग्रजी नाव ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन टोल-लाइक रिसेप्टर ४’ (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं, ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन). त्याला ‘पुनर्संयोजित मानवी पथकर-सदृश ग्राही ४’ म्हणावं का?

पथकर आधी काढून टाका. हा टोल नाक्यावरचा नाही, घड्याळाच्या टोल्यांशीही त्याचं नातं नाही. तो जर्मन आहे. जर्मनमध्ये ‘टोल’ म्हणजे मुळात वेडा, आणि बोलण्यात भन्नाट, अफलातून. 1980 च्या दशकात जर्मनीत ट्युबिंगेनला जीवशास्त्रज्ञ ख्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ट फळमाशीच्या अळ्या तपासत होत्या. पाठपोटाची रचनाच बिघडलेली एक अळी पाहून त्यांच्या तोंडून हा उद्गार निघाला आणि तेच जनुकाचं नाव पडलं, अशी हकिकत सांगतात. फळमाशीवाले नावं ठेवण्यात (दोन्ही अर्थांनी) पटाईत. माशीतल्या याच टोलला जाऊन चिकटणाऱ्या प्रथिनाचं नाव ‘श्पेट्स्ले’, म्हणजे ट्युबिंगेनकडचा शेवयांसारखा एक पदार्थ! आणि नाक्यावरच्या टोलचा जर्मन भाऊबंद वेगळाच आहे, ‘त्सोल’.

‘लाइक’ नंतर आलं. 1996 मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. म्हणजे हे जनुक रोगप्रतिकारातही कामाचं. पुढच्याच वर्षी माणसात तसंच प्रथिन सापडलं, म्हणून टोलसारखं. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांवरून दाखवलं की अशा प्रथिनांतल्या क्रमांक ४ चं काम काही जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखण्याचं आहे. हॉफमन आणि बॉयटलर 2011 च्या नोबेलचे मानकरी. तेव्हा ‘टोल-सदृश’ म्हणा, टोलचं भाषांतर नको.

‘ग्राही’ चालेल. आयुर्वेदात सुंठ-जिरंही ग्राही असतं, पण तिथे मल बांधून ठेवणारं या अर्थाने. या पत्रकात तो घोटाळा कोणी करणार नाही. फक्त ‘ग्राही प्रथिन’ लिहा, म्हणजे वाक्यात लिंगाची अडचण येत नाही.

‘पुनर्संयोजित’मध्ये संधी चुकतो. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तर र् राहतो: पुनर्जन्म, पुनर्विवाह. स कठोर, म्हणून ‘पुनःसंयोजित’. रेफाचं रूप आता इतकं रुळलंय की त्यावर मी भांडणार नाही. पण विसर्ग लिहिलात तर विसर्गच टाइप करा, कोलन नव्हे.

खरा धोका ‘मानवी’ शब्दात आहे. वाचणाऱ्याला वाटेल, माणसाच्या रक्तातून काढलं. तसं नसतं. जनुक माणसाचं, ते वाढवलेल्या पेशींत घालून त्यांच्याकडून प्रथिन करवून घेतात. पेशी उंदराच्याही असू शकतात. बऱ्याचदा ग्राहीचा पेशीबाहेरचा भागच बनवतात, कारण पेशीच्या पटलात रुतलेला तुकडा पाण्यात नीट विरघळत नाही. ई. कोलाय जिवाणूत हे बनवायचं तर पंचाईतच: त्या जिवाणूच्या अंगावर लिपोपॉलिसॅकराइड असतंच, म्हणजे ज्याची चाचणी घ्यायची तेच नमुन्यात आधीपासून मिसळलेलं. शिवाय प्रथिनावर साखरेच्या साखळ्या जोडणं त्याला माणसाच्या पेशींसारखं जमत नाही.

म्हणून शीर्षकात ‘पुनःसंयोजित मानवी टोल-सदृश ग्राही प्रथिन ४ (टीएलआर४)’ ठेवा आणि खाली एक ओळ द्या: ‘मानवी जनुकावरून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये तयार केलेले’. कोणत्या पेशी, तेही मूळ पत्रकात पाहून तिथेच लिहा.