गहाळचा दाखला घेऊन घरी बसू नका, चोरीचा गुन्हा नोंदवा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. ढाब्यावर जेवायला थांबलात, गाडीची काच फोडून फ्लाइंगची बॅग नेली, त्यात पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन), लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही), मेडिकल सर्टिफिकेट, हेडसेट, टॅब, हँडहेल्ड रेडिओ, आणि ठाण्यातून हातात काय पडलं तर 'कागदपत्रे गहाळ झाल्याचा दाखला'. त्यावर डुप्लिकेट लायसन निघेल का, एवढंच तुम्ही विचारलंय. लायसन निघेल हो, ते सगळ्यात सोपं काम आहे. पण तो दाखला घेऊन घरी बसू नका, उद्याच परत ठाण्यात जा.

सिम, बँक, टॅब लॉस्ट मोडला टाकणं हे केलंच असेल, त्यात शिरत नाही. फक्त टॅब आपल्या अकाउंटवरून काढून टाकू नका, काढला की चोराला मोकळा झाला.

आता मुद्द्याचं. माझीही बॅग अशीच गेली, मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या गावी, ठाण्याचं नाव घेत नाही. काच फुटलेली गाडी दारात उभी, तरी ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब, कागदंच गेलीत ना, गहाळमध्ये घेऊ, लगेच दाखला देतो, एफआयआरच्या भानगडीत कशाला पडता." हेडसेटसमोर लिहिलं 'जुना हेडफोन एक, किंमत पंधराशे'. मी म्हणलं हा विमानातला हेडसेट आहे, याला दोन जाड पिना असतात, मोबाईलला लागत नाही, तर म्हणले हेडफोन तो हेडफोन.

त्याचे परिणाम बघा. काही महिन्यांनी पेपरात बातमी, शेजारच्या जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेनं टोळी पकडली. नेहमीसारखा फोटो, टेबलावर माल मांडलेला अन् मागं अधिकारी उभे. त्या टेबलाच्या कोपऱ्यात लॅपटॉपच्या शेजारी डेव्हिड क्लार्कचा तो हिरवा हेडसेट, वरच्या गादीला मी गुंडाळलेली निळी चिकटपट्टीसुद्धा दिसत होती. धावत गेलो. तिथले पोलीस खरंच चांगले बोलले, पण म्हणले तुमचा गुन्हाच दाखल नाही तर आम्ही हा माल कोणत्या गुन्ह्याला जोडायचा? गहाळच्या नोंदीला ना गुन्हा रजिस्टर नंबर, ना तपास करणारा अंमलदार. ज्या मालाचा मालक कळत नाही तो कोर्टाच्या जाहीरनाम्यावर जातो, सहा महिन्यांत कोणी हक्क सांगितला नाही तर तो सरकारजमा व्हायच्या वाटेला लागतो. मग उलटं परत आमच्या ठाण्यात, तिथं "आता इतक्या उशिरा गुन्हा कसा दाखल करू". शेवटी एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टानं अर्ज दिला तेव्हा गुन्हा नोंदला गेला. हेडसेट मिळाला, पण एवढ्या काळात बॅगेतले कागद कुठं फेकले हे चोरांनाही सांगता येईना. लॉगबुक गेलं ते गेलंच. पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदला असता तर तपास त्या दिवशी सुरू झाला असता, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो (मी वकील नाही, कलमं एकदा वकिलाकडून तपासून घ्या): किमतीकडं डोळ्यात तेल घालून बघा. नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे एनसी, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पंधराशेचा हेडफोन लिहिला की प्रकरण तिथंच थंड. नॉइज कॅन्सलिंगवाला चांगला हेडसेट नवा घ्यायला गेलं तर लाखाच्या पुढं जातो, तेव्हा बिल, मेक, मॉडेल, सिरीयल नंबर हे सगळं फिर्यादीत शब्दन् शब्द लिहून घ्या. बिल नसेल तर डबा, जुना फोटो, ऑर्डरचा मेल, काहीही चालवा. नाहीच ऐकलं तर बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४), एसपींना पोस्टानं लेखी, अन् तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. ढाबा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असला तरी झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायचा) घ्यावाच लागतो. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, भांडू नका, नम्रपणे तेवढं बोला.

माल सापडला तर निकाल लागेपर्यंत मुद्देमाल खोलीत कुजू देऊ नका. सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) सोडवायचा अर्ज कोर्टात करा, सुंदरभाई देसाई केस, २००२, फोटो अन् पंचनामा करून माल मालकाला लवकर द्यावा असं त्यात आहे. इअरकपचं फोम अन् माइक आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत टिकत नाहीत हो.

रेडिओचं मात्र आजच करा, उद्यावर टाकू नका. तो विमानांच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतो, चिकलठाण्याच्या (संभाजीनगर विमानतळाच्या) टॉवरवर एखाद्या पोरानं गंमत म्हणून बटण दाबलं तर काय होईल विचार करा, १२१.५ तर इमर्जन्सीची फ्रिक्वेन्सी आहे. एटीसीला (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाला) लेखी कळवा, पोच घ्या. बॅगेत एअरपोर्ट एंट्री पास असेल तर ज्यांनी दिला त्यांनाही लगेच.

लायसन, मेडिकल: फेब्रुवारी २०२५ पासून डीजीसीएचं (लायसन देणारं सरकारी विमान खातं) इलेक्ट्रॉनिक लायसन सुरू झालंय, तुमचं आहे का ते ईजीसीएच्या (त्यांचं ऑनलाइन पोर्टल) मोबाईल अॅपमध्ये बघा. छापील प्रत हवीच असेल तर एफआयआर जोडून अर्ज, बास.

खरं दुखणं लॉगबुक. ईजीसीएवर तास भरलेले असतील तर वाचलात, नसतील तर फ्लाइंग क्लबकडं जा. तिथलं ऑथरायझेशन रजिस्टर (उड्डाणाच्या परवानगीची नोंद) अन् विमानांची जर्नी लॉगबुकं (प्रत्येक विमानाच्या उड्डाणांची वही) यातून तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, वेळ असं एकेक सॉर्टी (उड्डाण) उतरवून घ्या, अन् सीएफआयची (मुख्य प्रशिक्षकाची) सही शिक्का करून नवं लॉगबुक सुरू करा. आठवणीतून एकही आकडा भरू नका, पुढं सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसनला) गेलात तर तेच तपासतील. आमच्या क्लबातल्या क्लार्कनं जेवण सोडून जुनी रजिस्टरं काढून दिली, असा माणूस तुमच्याकडं असेल तर त्याला धरून ठेवा.

आणखी एक, चोराला कागद नको असतात, तो दोनचार किलोमीटरवर फेकतो. ढाब्यापासून पुढच्या पुलांखाली, नाल्यात स्वतः बघा, तिथल्या सफाई कामगारांना अन् घंटागाडीवाल्यांना फोन नंबर देऊन ठेवा, बक्षीस सांगा. संभाजीनगर जवळ असेल तर रविवारी जाफरगेटच्या बाजारात चक्कर मारा. दोन पिनांचा हेडसेट कोणाच्याच कामाचा नसतो, म्हणून तो स्वस्तात तसाच पडून राहतो. दिसला तर स्वतः विकत घेऊ नका, तपासी अंमलदाराला बोलवा.

इन्शुरन्स असेल तर कंपनी एफआयआर अन् नंतर 'अ समरी' (गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल) मागेल, गाडीच्या साध्या पॉलिसीत आतलं सामान बहुतेक धरत नाहीत, घराची पॉलिसी असेल तर तीही उघडून बघा.

हेडसेटचा मेक अन् सिरीयल नंबर इथं टाका, जालना, परभणी, नांदेडकडची आमची फ्लाइंगवाली पोरं आहेत, सगळ्यांना पाठवतो. लायसन नंबर मात्र इथं टाकू नका.