जुन्या जीपच्या चाकाला स्टडऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट चालतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या घरची १९७० च्या दशकातली महिंद्र सीजे. पुढच्या डाव्या चाकाचे पाचपैकी दोन स्टड (ज्यांवर चाकाचे नट चढतात ते मागून घट्ट बसवलेले आट्यांचे दांडे) तुटले. गॅरेजमध्ये त्या जागी मागून षटकोनी डोक्याचे साधे बोल्ट घातले आणि पुढून वॉशर टाकून नट आवळले. आता ही गाडी महाबळेश्वरला न्यावी का?

नेऊ नका. आधी हे चाक दुरुस्त करा, तोवर मिरजेपर्यंतही जाऊ नका. 'बोल्ट चांगला जाड आहे, तुटणार नाही' असं तुम्हाला सांगितलं असेल. पण गफलत तिथेच आहे.

खुंटीला पिशवी अडकवावी तसं चाक स्टडला अडकवलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण डिशला, म्हणजे चाकाच्या पोलादी तबकडीला, हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर) दाबून धरतो. चाक टिकतं ते या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर. दाब गेला की डिश दर फेरीला केसभर सरकते, बोल्ट पुन्हा पुन्हा वाकतो आणि थकून तुटतो. तोवर बाहेरून सगळं ठीकच दिसतं.

आता आकडे बघा. या जीपचा स्टड अर्धा इंची, म्हणजे चार सुती, इंचाला २० आट्यांचा. सुमारे १०० न्यूटन मीटरला (हे आवळण्याच्या पिळाचं माप) कोरडा आवळला की एका स्टडमध्ये अंदाजे ४ टन ताण येतो. ४.६ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाच्या मजबुतीचा दर्जा) साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, बोल्ट त्याच मापात अडीच टनांच्या आतच कायमचा लांबतो. आवळणाऱ्याच्या हाताला तो घट्ट लागतो, पण खरं तर तो लांबत असतो. १०.९ ग्रेडचा स्टड आठ टनांपलीकडेही मूळ लांबीवर परत येतो. थ्रेडेड रॉडचे तुकडे कापून लावणारेही भेटतात; तो गज बहुतेक वेळा एमएसचाच असतो.

'मग ८.८ चा एचटी (जास्त ताण सोसणारा) बोल्ट घालतो' हेही उत्तर नाही. डिशच्या भोकाची बैठक, म्हणजे नट टेकतो ती जागा, उतरती असते आणि मूळ नटाचं टोक त्याच ६० अंशांच्या कोनात निमुळतं असतं. चाक मध्यावर बसतं ते त्यामुळे. सपाट वॉशर त्या भोकाच्या फक्त कडेवर टेकतो. काही किलोमीटरात कड चेपते आणि नट सैल होतो. स्प्रिंग वॉशरनेही ते थांबत नाही. शिवाय स्टडला मुळाशी दाते असतात, म्हणून तो हबमध्ये फिरत नाही. बोल्ट मोकळा फिरतो, आणि त्याचं जाड डोकं आत ब्रेकच्या भागांना घासू शकतं.

सगळ्यात फसवा प्रकार आट्यांचा. एम १२ बोल्टचे बारीक आटे १.२५ मिलिमीटरचे, तुमच्या नटाचे १.२७ चे. त्यामुळे तो नट एम १२ वर आरामात चढतो. पण बोल्ट १२ मिलिमीटरचा आणि नट १२.७ चा, म्हणजे आटे जेमतेम निम्मे अडकलेले. असा नट आवळताना सुटला तर नशीब. पसरणी घाटात ब्रेक तापल्यावर सुटला तर चाकच जाईल. म्हणून नट हाताने चढवताना डुगडुगतोय का ते आधी बघा.

स्टड मुळात का तुटले? डावं चाक म्हणताय, म्हणून माझा संशय उलट्या आट्यांवर आहे. विलिस या मूळ अमेरिकी जीप कंपनीच्या घराण्यातल्या जुन्या जीपना डाव्या बाजूला उलटे आटे असत, स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' ठोकलेला असे. हे माहीत नसलेला माणूस सोडवतोय असं समजून आवळत राहतो आणि स्टड पिळून तुटतो. उरलेल्या तिन्हींची टोकं घासून बघा.

त्या तिघांनी दोघांचाही भार सोसलाय, म्हणून पाचही नवे घाला. सगळे उलटे किंवा सगळे सुलटे, पण एका हबवर मिसळ नको. नटही त्याच जातीचे. जुने स्टड हातोड्याने ठोकून काढू देऊ नका. या हबमध्ये बऱ्याचदा स्टडचा खांदा ब्रेकच्या ड्रमवर फुगवून बसवलेला असतो. तो भाग आधी कापला नाही तर भोक मोठं होतं आणि नवा स्टड कधीच घट्ट बसत नाही. कुपवाड एमआयडीसीच्या भागात हायड्रॉलिक प्रेस असलेला लेथवाला गाठा, हब आणि ड्रम दोन्ही घेऊन जा. वेल्डिंगचा टाका मारून स्टड बसवायला साफ नकार द्या. उष्णतेने कडक पोलाद तिथेच ठिसूळ होतं.

डिशही तपासा. भोकं लांबट झाली असतील किंवा भोकापासून गंजाचे तांबडे ओघळ निघाले असतील, तर ती डिश भंगारात. बैठक ठीक आहे का हे बघायला तिच्यावर मार्कर फिरवा आणि नट हाताने घट्ट करून काढा; नटावर पूर्ण कडं उमटायला हवं. बैठकीवर रंगाचा जाड थर नको, तो दबला की ताण गेला.

आवळताना चाक उचललेलं असू द्या, एक सोडून एक अशा क्रमाने नट टेकवा, मग खाली उतरवून शेवटचं आवळा. आट्यांना तेल-ग्रीस नको, त्याने तेवढ्याच जोरात ताण बराच वाढतो. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क रेंच (पिळाचा आकडा दाखवणारा पान्हा) नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे सुमारे १०० न्यूटन मीटर. पान्ह्यावर उभं राहू नका: ७० किलोचा माणूस ४० सेंटिमीटरवर उभा राहिला की पावणेतीनशे होतात. नट किमान दहा पूर्ण फेरे चढला पाहिजे. तेवढ्यात स्टडच्या जाडीइतकी पकड मिळते.

मग सांगली-कराड एवढं अंतर चालवा, चाक थंड होऊ द्या आणि पाचही नट पुन्हा तपासा. एखादा परत फिरला तर घाटाचा बेत पुढे ढकला आणि बैठक परत बघा. हळू चालवताना चाकातून कट-कट आवाज आला तर तिथेच थांबा.