थांबलेले जॉब मारण्याआधी मुलांना ‘एफजी’ शिकवा

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या सामायिक लिनक्स सर्व्हरवर नवखी मुलं विम (मजकूर लिहायचा एडिटर) आणि पायथन अर्धवट सोडतात, थांबलेल्या प्रोसेस (सुरू केलेले प्रोग्रॅम) साचत जातात, तर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) सरसकट ‘किल -९’ (प्रोसेस जागच्या जागी मारणारी कमांड) चालवावं का? कृपया नको. त्यातल्या एखाद्या विममध्ये कुणाची न साठवलेली असाइनमेंट असते.

आधी मुलांच्या बाजूने बघा. विंडोजवर कंट्रोल-झेड म्हणजे अनडू. टर्मिनलमध्ये तेच दाबलं की विम नाहीसं होतं आणि प्रॉम्प्ट (कमांड लिहायची ओळ) येतो. मुलाला वाटतं, प्रोग्रॅम बंद झाला. तो पुन्हा विम उघडतो, स्वॅप फाइल (न साठवलेल्या मजकुराची विमने ठेवलेली तात्पुरती प्रत) असल्याचा लांबलचक इशारा येतो, तो घाबरून काहीतरी दाबतो. प्रत्यक्षात पहिलं विम जिवंतच असतं, फक्त थांबलेलं. ते सीपीयू खात नाही, पण मेमरी धरून ठेवतं. विमचं फारसं काही नाही, मोठा डेटा उघडलेलं पायथन मात्र सगळ्यांनाच जड जातं.

म्हणून पहिल्याच तासाला मुद्दाम कंट्रोल-झेड दाबायला लावा. मग ‘जॉब्स’ (आपल्या कामांची यादी दाखवणारी कमांड), मग ‘एफजी’ (थांबलेलं काम पुन्हा समोर आणणारी). आपलं लिखाण जसंच्या तसं परत आलेलं पाहिलं की भीती जाते. ‘बीजी’ (थांबलेलं काम पडद्यामागे पुढे चालवणारी कमांड) नंतर शिकवा. ते लांबलचक गणितासाठी ठीक, विमला टर्मिनल लागतं, त्यामुळे ते पुन्हा थांबतं. आणि हे आवर्जून सांगा: ‘एफजी’ ज्या शेलमध्ये (कमांड घेणारा प्रोग्रॅम) काम थांबवलं त्याच शेलमध्ये चालतं. नव्याने लॉगिन केलेल्या मुलाला ‘जॉब्स’मध्ये काहीच दिसणार नाही, त्याने ‘पीएस’मध्ये (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) टी, म्हणजे थांबलेल्या, अवस्थेतल्या प्रोसेस शोधाव्यात.

बॅशमधून (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) बाहेर पडताना थांबलेले जॉब असल्याची सूचना येते. लगेच पुन्हा ‘एक्झिट’ केलं तर बॅश ते जॉब संपवून टाकतं. मुलं ही सूचना वाचत नाहीत, कारण ती अगदी शेवटी येते. त्यापेक्षा सगळ्यांच्या प्रॉम्प्टमध्ये बॅकस्लॅश-जे घाला, म्हणजे जॉबची संख्या सतत डोळ्यांसमोर राहते. माझ्या मते या एका बदलाने तुमचं बरंचसं काम हलकं होईल.

तरीही काही प्रोसेस उरतील, विशेषतः उघड्या राहिलेल्या टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम). त्या ज्याच्या असतील त्या मुलाला आधी निरोप पाठवा, एखादा दिवस थांबा. मग साधा टर्म सिग्नल (प्रोसेसला ‘बंद हो’ असा इशारा) पाठवा, पण थांबलेल्या प्रोसेसपर्यंत तो लगेच पोहोचत नाही, नुसता ताटकळत राहतो. त्यामागोमाग कॉन्ट सिग्नल (‘पुढे चालू हो’ असा इशारा) द्यावा लागतो. इथेच बरेच जण ‘टर्म चालत नाही’ म्हणून ‘-९’कडे वळतात. टर्म मिळालं की विम मरताना स्वॅप फाइल जपून ठेवतं. ‘-९’ने ती संधी जाते आणि शेवटची काही अक्षरं हरवू शकतात. त्यानंतर मुलाला शेजारी बसवून ‘विम -आर’ने त्याची फाइल परत काढून द्या.