पपईवरचा तो शिक्रा नाही, कोकिळा आहे

ताई, फोटो मोबाईलचा झूम ताणून काढलाय त्यामुळे हललाय, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरूनच ओळखू येतोय. गंगापूर रोडचं घर, मागे पपई, साधारण कावळ्याएवढा तपकिरी पक्षी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, लालभडक डोळा, आणि दोन दिवस पिकलेली पपई पोखरतोय. शेजारचे काका म्हणाले शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी आहे, मांजरीची पिल्लं सांभाळा. काही सांभाळू नका, कोकिळा आहे ती.

कोकीळ म्हटलं की आपल्याला काळाच पक्षी आठवतो, तो नर. मादी अशी ठिपक्यांची. आणि आपण शाळेच्या निबंधात कितीही लिहिलं ना की कोकिळा गाते, तरी मे महिन्यात भल्या पहाटे झोप उडवणारं ते कुहू कुहू नराचंच असतं. मादी नुसती किक् किक् किक् करत घाईघाईत ओरडते, ते ऐकून कोणाला कोकिळा वाटणारच नाही.

शिक्रा फळ खात नाही, खरं तर विषय तिथेच संपतो. तो सरडे, चिमण्या, उंदीर मारणारा, चोच आकड्यासारखी, आकाराने कबुतराच्या आसपास. पण तुमची चूक नाहीये हो, मी स्वतः माझ्या वहीत दोन वर्षं हिलाच शिक्रा म्हणून लिहीत होतो, इंदिरानगरला घरासमोर उंबर आहे त्यावर यायची, एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत उंबरं गिळायला लागली तेव्हा ट्यूब पेटली. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन दुर्बिणीतून बदकं ओळखायची आणि घरासमोरची कोकिळा ओळखता येऊ नये, काय बोलणार!

अजून एक गोंधळ पावशाचा होतो, पावसाच्या तोंडावर पेरते व्हा, पेरते व्हा ओरडतो तो. तो दिसायला अगदी शिक्र्यासारखा, वरून राखाडी, डोळ्याभोवती पिवळी कडा, पण कोकिळेसारखे पाठीवर ठिपके अजिबात नाहीत.

आता आजूबाजूला कावळ्याचं घरटं आहे का बघा, बहुतेक सापडेल. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. ते कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं आणि काही दिवस आधी फुटतं, म्हणजे पिल्लाला भरवून घ्यायला आधीच नंबर लागतो. कावळे तिच्या मागे लागलेले दिसले तर कारण हेच. जून-जुलैत एखादा कावळा ठिपक्यांच्या पिल्लाला भरवताना दिसला तर पिल्लू चुकलंय म्हणून उचलून आणू नका, बरेच जण आणतात.

आणि पपईला जाळी बांधू नका, पाय अडकतात त्यात पक्ष्यांचे. खालच्या पपया थोड्या कच्च्या असतानाच उतरवून घ्या, वरची एखादी राहू दे तिला. उद्या सकाळी आवाज आला तर मोबाईलवर रेकॉर्ड करून टाका, पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन ॲप लावलंत तर तेच नाव सांगेल.