‘नत्रवायूं’मुळे जनुके बदलतात?

प्रश्न असा आहे: ‘हवेतील नत्रवायूंमुळे वनस्पतींत जनुकीय बदल होऊन वाढ जोमाने होते’ असं वाक्य वाचनात आलं. ‘नत्रवायू’ अनेकवचनी चालतो का? आणि ‘जनुकीय बदल’ हा शब्द इथे बरोबर आहे का?

‘नत्रवायू’बद्दल फार वाद नको. नत्रवायू एकच, हवेचा ७८ टक्के भाग व्यापणारा नायट्रोजन. लिहिणाऱ्याला बहुधा नायट्रोजन डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड म्हणायचं असावं. त्यांना ‘नायट्रोजनची ऑक्साइडे’ म्हणावं. घोळ होण्याचं कारण उघड आहे. ‘नत्र, स्फुरद, पालाश’ या त्रिकुटातला नत्र म्हणजे शेतकऱ्याला पिकाचं खाद्य. हवेतला नत्र मात्र पिकाला थेट घेता येत नाही, त्याचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधी घेतलेल्या पिकाचा जमिनीवरचा परिणाम, चांगला म्हणतात, त्याचं एक कारण मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हा नत्र पिकाच्या उपयोगाचा करून देतात हे आहे.

खरी चूक ‘जनुकीय बदल’मध्ये आहे. हा शब्द वाचला की बीटी कापूस आठवतो, म्हणजे डीएनएमध्येच फेरफार. इथे तसं काही होत नाही. जपानमधील हिरोशिमा विद्यापीठात ॲराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती अब्जात १० ते ५० भाग नायट्रोजन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढवली. शहरी हवेत आढळावं इतपतच हे प्रमाण. पानं मोठी झाली, पेशींची संख्या आणि आकार दोन्ही वाढले. गंमत अशी, की त्या वायूतून झाडाच्या अंगी लागलेला नत्र अगदीच थोडा होता. म्हणून संशोधकांनी त्याला खाद्य न मानता संकेत मानलं. नायट्रिक ऑक्साइड तर झाडं स्वतःही तयार करतात. तो असला की काही नियामक प्रथिनं मोडीत निघतात, आणि ती ज्या जनुकांना चालना देत होती त्यांचं काम मंदावतं. पोथी तीच, वाचायचं पान तेवढं बदललं.

यासाठी पारिभाषिक शब्द आहे ‘जनुक अभिव्यक्ती’. शास्त्रीय लेखात तो हवाच, पण सामान्य वाचकाला अभिव्यक्ती म्हटलं की आधी स्वातंत्र्य आठवतं! वर्तमानपत्रात ‘जनुकांचं काम सुरू होणं, मंदावणं’ असं सरळ लिहिलेलं मला जास्त आवडेल.

‘जोमाने’ला मात्र अट जोडायला हवी. हीच ऑक्साइडे जास्त झाली की पानं करपतात. शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तोही पिकांना मारक. तेव्हा वाक्य असं करता येईल: ‘हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड अल्प प्रमाणात असेल, तर काही वनस्पतींत वाढीशी संबंधित जनुकांच्या कामावर परिणाम होऊन त्यांची वाढ जोमाने होऊ शकते.’