सावजी आईनं खाल्लं, उपास बाळाला कशाला?

"ताई, मुलगा चार महिन्यांचा आहे, फक्त अंगावरच पितो. परवापासून पाण्यासारखी शी, दिवसातून आठ-नऊदा. दोनदा उलटीही झाली. रविवारी भावानं सावजी आणलं होतं, मी चार घास खाल्ले. सासूबाई म्हणतात, 'तुझं दूधच बाधून राह्यलं पोट्ट्याले. दोन दिवस बंद कर, साखरपाणी पाज.' काल रात्री मी पाजलं नाही. तो रडत होता, इकडे माझा पदर ओला होत होता. जाऊबाईंच्या पाच वर्षांच्या मुलालाही त्याआधी उलट्या-जुलाब झाले होते. माझंच चुकलं का?"
– एक आई, मानेवाडा, नागपूर

अगं, पत्र वाचलं तेव्हाच तुला कळवलं होतं : आधी त्याला पदराखाली घे आणि आजच डॉक्टरांना दाखव. एवढ्या लहान जिवाचे जुलाब माझ्या सदरातून बरे व्हायचे नाहीत. बाकीचं आता सावकाश बोलू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहून पाठवलंस, फक्त शेवटी. जाऊबाईंचा मुलगा आधी आजारी पडला. पोटाचे हे विषाणू हातांवरून, खेळण्यांवरून, शीच्या दुपट्यावरून घरभर फिरतात. सावजीच्या तिखटातून ते दुधात उतरत नाहीत. उलट आजाराशी झुंजणारी प्रतिपिंडं बाळाला तुझ्याच दुधातून मिळतात. तेच बंद केलं तर शीतून गेलेलं पाणी भरून कसं निघणार?

म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळा पाज, रात्रीसुद्धा. उलटी झाली तर दहाएक मिनिटं थांब आणि पुन्हा थोडं-थोडं पाज. साखरपाणी मात्र नको. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. सासूबाई म्हणतील, मे महिन्यात नागपुरात पोराला पाण्याचा घोट नको? सहा महिन्यांपर्यंत नको. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. बाळगुटी, ग्राइप वॉटर, मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या, यातलं काहीही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस.

ओआरएस डॉक्टर सांगतील तेवढंच, वाटी-चमच्यानं. पाकीट 1 लिटरचं आहे की 200 मिलीचं, ते वाचून तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं एकदम घाल. अर्धं पाकीट अंदाजानं कालवायचं नाही. 24 तासांनी उरलेलं फेकून दे. दुकानातले फळांच्या चवीचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे.

आता सासूबाईंना एक काम दे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हे बरं, शिवाय त्यांचा जीवही नातवातच अडकलाय. दाराशी कॅलेंडर टांगलेलं असेलच. त्यावर शूचे लंगोट मोजायला सांग, एका लंगोटाला एक रेघ. सहा तासांत एकही रेघ पडली नाही, टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, तोंड कोरडं पडलं, रडताना पाणी येईना, तो मलूल होऊन पिणं सोडू लागला, शीत रक्त दिसलं किंवा उलटी हिरवी झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. मेडिकल किंवा मेयो, नागपूरच्या या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथला आकस्मिक विभाग गाठा. गाडी नसेल तर 108 लावा. तापाचंही असंच, त्याच दिवशी दाखवायचं.

प्रत्येक शीनंतर आणि पाजण्याआधी साबणानं हात धू. नुसतं सॅनिटायझर या विषाणूंना पुरत नाही. जाऊबाईंच्या मुलाला काही दिवस बाळापासून लांब ठेवा, पण त्याला बोल लावू नका. रोटाव्हायरसचे थेंब दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. एखादा डोस राहिला असेल तर डॉक्टरांना विचार. थेंब घेतले म्हणजे जुलाब होतच नाहीत असं नाही, पण आजार सहसा इतका जोर धरत नाही.

तू दोन दिवस काय खाल्लंस, ते लिहिलं नाहीस. ओळखलं मी. पोटभर जेव, भरपूर पाणी पी. तुला स्वतःला जुलाब झाले तरी पाजणं थांबवू नकोस. काल रात्रीचं मनातून काढून टाक. दूध तटून छाती दुखत असेल तर त्यावर औषध एकच, बाळ.

आणि डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर त्याची गोळी तुझ्याच काढलेल्या दुधात विरघळवून देता येते. या वयाला बहुधा अर्धी गोळी, म्हणजे 10 मिलिग्रॅम, रोज एकदा, 14 दिवस. पाचव्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून गोळ्यांची पट्टी कपाटात टाकू नकोस.