मालकाची प्रार्थना, कामगाराचा पगार

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप असून सहा कामगार आहेत. मी ख्रिस्ती आहे, ते नाहीत. सकाळच्या प्रार्थनेला त्यांनाही बोलवावे, असे मनापासून वाटते. शिवाय खंडेनवमीला ते यंत्रांना झेंडूचे हार घालतात, तेव्हा मी काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली तळमळ खरी आहे, तरीही ज्याचा पगार आपल्या हातात आहे त्याला मालकाचे आमंत्रण हुकमासारखेच ऐकू येते, म्हणून प्रार्थना आपण एकट्याने, शटर उघडण्यापूर्वी करावी. खंडेनवमीच्या पूजेत आपण सहभागी झाला नाहीत तरी चालेल, पण त्यांना मोकळा वेळ अवश्य द्यावा. त्या लेथवर त्यांचेही घर चालते.

खरी कसोटी मला पगाराच्या दिवशी दिसते. पार्टीने बिल थकवले की पहिली कात्री कामगाराच्या पगाराला लागते, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते, अशी स्पष्ट आज्ञा आहे. बिलाचे पैसे येवोत न येवोत, पगार ठरल्या दिवशीच द्यावा. एखादा जॉब मापात चुकला, तर सर्वांसमोर न बोलता त्या कामगाराला बाजूला घ्यावे आणि मायक्रोमीटर त्याच्याच हातात द्यावा.